लॅपटॉपचं पोट

लॅपटॉप हातात आला की ते आधी डोळ्यांवरचा चष्मा काढून खिशात ठेवत. एखादी वस्तू नीट बघायची असेल तर माणूस चष्मा लावतो. आमच्या या गृहस्थांचं उलटं होतं. मग लॅपटॉप उजव्या तळहातावर घ्यायचा, डोळे मिटायचे, हात दोनदा खालीवर करून वजनाचा अंदाज घ्यायचा, आणि कंपनी कुठली, कुठून आणला, काहीएक न विचारता म्हणायचं, ‘‘पडद्यावरचं खोटं, पोटातलं खरं. आधी पोट बघू.’’ ज्याचा लॅपटॉप असे त्याच्या पोटात त्याच वेळी गोळा येई.

असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. प्रत्येक गावात एक असतोच. कुणी विहिरीचं पाणी सांगतो, कुणी पोरीचं स्थळ पारखतो. आमच्या अणदूरला लॅपटॉप पारखणारे होते. गाव त्यांना तोंडावर सर म्हणे आणि माघारी तपासनीस.

सर म्हणजे शिकवणारे नव्हेत. आमच्या शाळेत मी कारकून होतो आणि ते प्रयोगशाळा सहायक. बाटल्यांतल्या बेडकांवरची धूळ पुसणं हे त्यांचं मूळ काम. पुढे शाळेत संगणक आले. शिकवणाऱ्या मंडळींना त्या खोलीत जायची धास्ती वाटे, म्हणून किल्ली बेडकांच्या किल्लीबरोबर यांच्याच जुडग्यात अडकवली गेली. आपल्याकडे किल्ली ज्याच्या कमरेला, ज्ञान त्याच्याच डोक्यात असं धरून चालतात. दोन-चार वर्षांत ते संगणक उघडायला लागले, जोडायला लागले, आणि निवृत्त झाले तेव्हा बेडूक शाळेत ठेवून संगणकाचं ज्ञान तेवढं घरी घेऊन आले.

आता आमच्या भागातली एक रीत सांगितली पाहिजे. बैल घ्यायला आमच्याकडे कुणी एकटा जात नाही. बरोबर जाणता माणूस न्यायचा. तो दात बघतो, खांदा चाचपतो, बैलाला चार पावलं चालवतो आणि मान हलवतो. मगच व्यवहार होतो. सरांचे वडील असेच जाणते होते. त्यांना तामलवाडीपासून जळकोटापर्यंत बोलावणी असत. बैल कमी झाले, पोरांच्या हातात लॅपटॉप आले, पण रीत तीच राहिली. जाणत्याच्या नजरेखालून वस्तू गेली नाही तर घरच्या माणसाला घास गोड लागत नसे. फरक एवढाच की बैलाला नुसता दात दाखवावा लागे, लॅपटॉपला पोट फाडून घ्यावं लागे.

त्यांचं नाव झालं ते एका प्रकरणामुळे. आमच्या गल्लीत खत-बियाण्यांचं दुकान असलेले अप्पा आहेत. घरात कानडी, गल्ल्यावर मराठी आणि उधारीवर मौन असा त्यांचा कारभार. त्यांच्या पोरानं लांबच्या कुठल्याशा बाजारातून वापरलेला लॅपटॉप आणला. पडद्यावर साठवणुकीचा आकडा भलामोठा दिसत होता. सरांनी पोट उघडलं, आतल्या डिस्कवरचं लेबल नखानं खरवडलं, तर खाली दुसरंच जुनं लेबल. नव्या नावाखाली म्हातारी डिस्क घातलेली. अप्पांनी विकणाऱ्याला कानडीत असं काही सुनावलं की त्याला भाषा कळत नसूनही मजकूर कळला आणि त्यानं वस्तू बदलून दिली. हे एक खरं. पण एका खऱ्यावर माणसानं किती वर्षं काढावीत याला काही मर्यादा असते. सरांनी सगळा जन्म काढायचा ठरवला होता.

त्यांच्या तपासणीचे प्रकार मी शेजारी म्हणून पुष्कळ पाहिले. वेग मोजायचं त्यांचं साधन म्हणजे वहिनींचा चहा. आमच्या खंडोबाच्या यात्रेचं त्यांनी स्वतः केलेलं एक लांबलचक चित्रण होतं. त्यात निम्मा वेळ पुढच्या माणसाचा फेटा दिसे. ती फाइल लॅपटॉपमध्ये उतरवायला लावायची आणि त्याच क्षणी आत ओरडायचं, ‘‘ठेव गं.’’ वहिनी चहा गॅसवर ठेवत. चहा उकळायच्या आत फाइल उतरली तर मशीन पास. गंमत अशी की वहिनी माणूस बघून गॅस लहानमोठा करत. त्यांच्या मर्जीतल्या माणसाचं मशीन कधी नापास झालं नाही. अप्पांच्या धाकट्या भावाचं मशीन तीनदा नापास झालं, कारण त्यानं एकदा वहिनींच्या भाजीला खारट म्हटलं होतं.

वेगानंतर ताप. लॅपटॉपच्या बुडाला पालथा हात लावून ते तान्ह्या पोराचा ताप बघावा तसा बघत. मे महिन्यात तर मशीन गच्चीवर उन्हात ठेवत. ‘‘ह्या जिल्ह्यात ऱ्हायचं तर ऊन सोसाया पायजे,’’ हा त्यांचा न्याय. मग पंखा. मशीनला कान लावून ते पंख्याचा आवाज ऐकत आणि त्या वेळी सगळ्यांनी गप्प बसायचं असे. हायवेवरून ट्रक गेला तर ते ट्रककडे अशा रागानं बघत की ड्रायव्हरनं थांबून माफी मागायला हवी होती.

या सगळ्यात त्यांचा एक हट्ट होता. पातळ वस्तूवर त्यांचा विश्वास नव्हता. ‘‘वजनात इमान असतंय भाऊसाहेब,’’ ते मला सांगत. कारकुनाला आमच्याकडे भाऊसाहेब म्हणतात, त्याला इमान असो वा नसो. त्यांचा स्वतःचा लॅपटॉप उचलायला दोन हात लागत. तो त्यांनी लोकांच्या मेलेल्या लॅपटॉपचे अवयव जोडून केला होता. लोक बंद पडलेली मशिनं त्यांना देऊन टाकत, आणि ते त्यांतले उपयोगी भाग काढून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत जपून ठेवत. डबे ओसरीवरच्या फळीवर रांगेनं मांडलेले असत. येणाराजाणारा ते बघे आणि मनात काय समजायचं ते समजे. तोंडावर मात्र कुणी बोलत नसे, कारण उद्या आपलंही मशीन त्यांच्याच हाताखाली जायचं आहे हे प्रत्येकाला ठाऊक होतं.

अशात आमच्या गल्लीतल्या कंडक्टरांच्या सुजातानं लॅपटॉप घेतला. डिप्लोमा झालेली, बोलायला कमी, कामाला पक्की अशी मुलगी. पुण्याच्या एका कंपनीत घरून करायचं काम तिला मिळत होतं, त्यासाठी तिनं वस्तू स्वतः निवडून आणली होती. हातात धरली तर शाळेतली पाटी धरल्यासारखी वाटे, इतकी पातळ. तिला तपासणी नको होती. पण कंडक्टर जुन्या वळणाचे. जाणत्याच्या नजरेखालून गेलेलं बरं असतं, असं म्हणून ते तिला घेऊन रविवारी सकाळी सरांच्या ओसरीवर आले. मी पेपर मागायच्या निमित्तानं तिथं होतोच. अप्पा कशाच्या निमित्तानं होते ते त्यांनाच माहीत. फुकटच्या तमाशाला त्यांना निमित्त लागत नसे.

सरांनी चष्मा काढला, लॅपटॉप तळहातावर घेतला आणि डोळे न मिटताच त्यांचं तोंड वाकडं झालं. वजनच नव्हतं. ते म्हणाले की ही काय वस्तू म्हणायची, हा तर वस्तूचा फोटो आहे. अप्पा हसले. सुजाता हसली नाही.

मग यात्रेची फाइल आली, आत हाळी गेली, चहा चढला. वहिनींना सुजाता आवडायची, पण त्या दिवशी गॅस लहान करायला त्यांना वेळच मिळाला नाही. पातेल्याला अजून आच लागते आहे तोवर फाइल उतरून मोकळी. सरांनी पुन्हा करायला लावलं. पुन्हा तसंच, पडद्यावर फेटा हलायलाही लागला. आपल्या चहाचा कुणी असा अपमान केलेला त्यांनी पाहिला नव्हता. बुडाला पालथा हात लावला तर मशीन थंडगार. कान लावला तर आवाज नाही. सुजाता हळूच म्हणाली की याला पंखाच नसतो. ‘‘बिनपंख्याचं,’’ सर आमच्याकडे वळून म्हणाले, ‘‘आन धाराशिव जिल्ह्यात.’’

एवढं सगळं नीट चाललेलं पाहून दुसऱ्या कुणी वस्तू परत दिली असती. पण ज्याची परीक्षा सोपी गेली तो कॉपी करणाराच असला पाहिजे, असं आमच्या शाळेतल्या मास्तरांसारखंच त्यांचंही मत होतं. त्यांनी मशीन मिटून उलटं केलं. बारीक स्क्रू काढले, कडेच्या फटीत जुनं एटीएम कार्ड घातलं, आणि कडकड आवाज करत झाकण उचकटलं. त्या आवाजासरशी सुजातानं बापाचा हात धरला. आत बघतात तो सगळीकडे काळी बॅटरी पसरलेली आणि वर एक चिंचोळा बोर्ड. सरांचं बोट त्या बोर्डावरून फिरलं, थांबलं, परत फिरलं. ते रॅम शोधत होते. रॅम म्हणजे मशीनची काम करतानाची आठवण. त्यांच्या ओळखीच्या सगळ्या लॅपटॉपमध्ये ती एका छोट्या पट्टीच्या रूपात खाचेत बसवलेली असे. इथं पट्टी नव्हती. खाचही नव्हती.

ते ताठ बसले. त्यांच्या आयुष्यातलं दुसरं मोठं प्रकरण समोर आलं होतं, आणि त्याची वाट त्यांनी फार दिवस पाहिली होती. ‘‘रॅम न्हाय,’’ ते म्हणाले. ‘‘पोरीला लुबाडलंय. दुकानदारानं रॅम काढून घेतलाय.’’

मग कंडक्टर चाचरत म्हणाले की पण आत्ता तर चालत होतं. हे सरांनाही माहीत होतं. रॅमशिवाय मशीन सुरूच होत नाही हे तर त्यांनी शाळेच्या संगणकांवर स्वतः शंभरदा पाहिलेलं. पण निकाल तोंडातून बाहेर पडला होता, आणि निकाल मागे घ्यायची सवय त्यांच्या घराण्यात नव्हती.

अप्पांनी पान दुसऱ्या गालात सरकवलं. व्यापारी माणूस, हिशेबाला पक्का. ‘‘आता म्या सांगतो,’’ ते म्हणाले. ‘‘चालत व्हतं तवा आत व्हतं. उगडलं तर न्हाय. मधी हात कुणाचा व्हता?’’

ते थट्टेनंच बोलले होते. पण काही थट्टा अशी असते की बोलून झाल्यावर तिच्यातलं हसू उडून जातं आणि खाली नुसता अर्थ उरतो. मी पाहिलं, कंडक्टरांची नजर फळीवरच्या डब्यांकडे गेली. अप्पांची गेली. खरं सांगतो, माझीही गेली. इतकी वर्षं जे कुणी बोललं नव्हतं ते ओसरीवर येऊन बसलं. सरांनी आमच्या नजरांच्या मागोमाग डब्यांकडे पाहिलं, आणि त्यांना कळलं.

त्यावर कंडक्टर जे बोलले त्याला तोड नाही. भला माणूस. हात जोडून, अगदी मायेनं म्हणाले, ‘‘सर, ऱ्हाऊ द्या. घेतला असंल तर असू द्या, आमी कुटं बोलणार न्हाय. पन पोरीचं मशीन तेवढं चालू करून द्या.’’

शिवी परवडते. चोर म्हणून कुणी अंगावर आलं तर माणूस दोन हात करतो. चोर धरून वर क्षमा केली तर त्यानं जायचं कुठं? सरांचा चेहरा असा झाला की मला उठून जावंसं वाटलं. अर्थात मी उठलो नाही. असा प्रसंग सोडून जाईल तो शेजारी कसला?

तेव्हा सुजाता बोलली. खाली बघत, एकेक शब्द जपून. ‘‘सर, ह्यात पट्टी नसते. रॅम बोर्डावरच कायमची बसवलेली असते. झाकण लावून चालू करा, दिसंल सगळ्यांना.’’

‘‘तू गप ऱ्हा पोरी,’’ सर म्हणाले.

त्या क्षणी त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला स्वच्छ दिसत होतं, आणि तुम्हालाही दिसेल. मशीन सुरू झालं नाही तर ते चोर ठरणार होते. सुरू झालं तर अडाणी. दोन्हींतलं एक ठरणं अटळ होतं, आणि बटण त्यांनाच दाबायचं होतं. तुम्ही म्हणाल, यात विचार करण्यासारखं काय आहे, चोरापेक्षा अडाणी बरा. तुम्ही आमच्या गावात राहिला नाहीत. इथं चोराला मान आहे. त्याच्या हाताला काम येतं असं लोक धरून चालतात. शिव्या देत देत त्याच्याकडेच जातात, सत्कारालाही बोलावतात. अडाणी ठरलेल्या जाणत्याकडे कोण जाणार? एका सहीवर पिढ्या काढणारे केवढे तरी पुढारी नि साहेब मी कारकुनीत पाहिले. त्यांतला कुणीही त्या जागी असता तर झाकण उघडंच ठेवून उठला असता, स्क्रू हरवला म्हणाला असता, चौकशी लावली असती. सरांनाही ते जमलं असतं. मुलगी घाबरलेली होती, बाप क्षमा करून मोकळा झाला होता. रडतखडत का होईना, संशयावर जन्म निघाला असता. संशयावर तर गावं चालतात.

त्यांनी खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर लावला. तपासणीच्या वेळी लावलेला मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिला. बोर्डाकडे वाकून बराच वेळ बघितलं. मग झाकण बसवलं, कडा दाबल्या, एकेक स्क्रू आवळला. घाई नव्हती. मशीन सरळ केलं, पडदा वर केला आणि बटण दाबलं.

पडदा उजळला. मशीन बिनआवाजाचं सुरू झालं आणि यात्रेच्या चित्रणातला तो फेटा, मघाशी जिथं थांबला होता तिथून, पुन्हा समोर आला. अप्पा खुदकन हसले. मग मलाही आवरलं नाही. कंडक्टर बिचारे हसावं का नमस्कार करावा या पेचात पडले आणि त्यांनी नमस्कार केला.

सरांनी लॅपटॉप दोन्ही हातांनी सुजाताच्या पुढे धरला. ‘‘हाय आत,’’ ते म्हणाले. ‘‘मला दिसलं न्हाय.’’

मी सरकारी कागदांत उभा जन्म घातला. गहाळ फाइली, कोसळलेल्या वर्गखोल्या, नापास झालेली अख्खीच्या अख्खी तुकडी पाहिली. प्रत्येक वेळी काहीतरी कारण होतं, कुणीतरी दुसरा होता, वरून आदेश होता. मला दिसलं नाही, एवढे तीन शब्द चार माणसांसमोर म्हणणारा दुसरा माणूस मला भेटला नाही. पण हे मला आज सुचतंय. तेव्हा मी घरी येऊन बायकोला फेट्याची गोष्ट रंगवून सांगितली, आणि ती गल्लीभर झाली.

त्यानंतर त्यांच्या ओसरीवर लॅपटॉप आला नाही. कुणी ठरवलं नव्हतं, पण ठरलं. अप्पा दुकानात खताचं पोतं मोजून झालं की म्हणत, वजन बरोबर हाय, रॅमचं सरांना इचारा. लोक मोबाइलवर अनोळखी माणसांनी दिलेले तारे मोजून वस्तू घ्यायला लागले. त्या तारे देणाऱ्यांनी वस्तू उघडली आहे का, बघितली आहे का, ती माणसं आहेत का, हे कुणी विचारत नाही. त्यातले कित्येक फसले. पण अनोळखी माणसाकडून फसण्यात कमीपणा नसतो, म्हणून त्याची गोष्ट कुणी सांगत नाही. वहिनी चहा ठेवत, तो आपला उकळे, आणि दोघं पीत.

सुजाताला काम मिळालं. पहिले काही महिने तिनं घरूनच केलं, मग कंपनीनं तिला पुण्याला बोलावून घेतलं. जायच्या आधी ती सरांच्या पाया पडून आली, असं वहिनींनी माझ्या बायकोला सांगितलं. काय बोलणं झालं ते वहिनींनी सांगितलं नाही, आणि त्यांना विचारायचं धाडस आमच्यात कुणाला झालं नाही.

पुढे वहिनींच्या गुडघ्यांनी साथ सोडली आणि ती दोघं सोलापूरला लेकीकडे राहायला गेली. दोन हिवाळ्यांनंतर सर तिथंच वारल्याचं कळलं. गल्लीच्या ग्रुपवर फोटो आला, खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. अप्पांनी काहीच टाकलं नाही. त्या दिवशी त्यांनी दुपारीच दुकान बंद केलं होतं.

मला ते शेवटचे दिसले ते निघायच्या दिवशी, फाट्यावर. वहिनी बॅगेवर बसल्या होत्या आणि सर त्यांच्यावर सावली पडेल असे उभे होते. मी गाडीवरून उतरलो. ऊन फार आहे, लेक कशी आहे, घराची किल्ली कुणाकडे दिली, असं इकडचं तिकडचं झालं. लांबून बस येताना दिसली. वहिनींना हाताला धरून उठवता उठवता त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, ‘‘भाऊसाहेब, कंडक्टरच्या पोरीचं मशीन चालायलंय का अजून?’’

चालतंय, मी म्हणालो. पुण्याला त्यावरच काम करते.

‘‘चालंल की,’’ ते म्हणाले. ‘‘आत सगळं हाय त्याच्या.’’

बस थांबली. मी बॅग वर चढवून दिली, आणि ती दोघं गर्दीत आत सरकली.